शेलवणचे डागाचे कवठ

शेलवणच्या महादेवामागे एक जुने कवठ आहे. त्याच्या प्रत्येक फळाच्या देठाशी दाभण टोचल्यासारखा काळा डाग असतो. आतला गर मात्र गोड. दर्शनाला आलेल्यांना येथील गुरव आधी तो डाग दाखवतात, मग पुढचे सांगतात.

फार पूर्वी गावात आवडाबाई नावाची सुगरण होती. महाशिवरात्रीला देवापुढे कवठाची चटणी ठेवायची, ती तिच्याच झाडाची आणि तिच्याच हातची, असा वीस वर्षांचा शिरस्ता. गावातला तिचा सारा मान त्या एका वाटीत होता. पुढे तिची धाकटी जाऊ सगुणा, हिच्या परसातले कवठ प्रथमच फळले. त्या वेळच्या गुरवाने एक फळ चाखले आणि यंदाचा नैवेद्य या झाडाचा, असे सांगून टाकले. पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, "आवडाबाई, यंदा तुम्हाला विसावा हो." आवडाबाई हसली. त्या दिवशी तिला अन्न गोड लागले नाही.

सगुणेने नैवेद्याची अकरा फळे दोरा बांधून झाडावर राखली होती. एका दुपारी सारे खळ्यावर असताना आवडाबाईने दाभण तापवले आणि अकराही फळांच्या देठाशी खुपसले. वरून दिसू नये, आत सडावे, एवढीच तिची इच्छा. आपण देवाचा नैवेद्य नासवतो आहोत, हे तिच्या मनात आले नाही असे नाही. आले, आणि तिने ते बाजूला सारले.

शिवरात्रीच्या सकाळी सगुणा फळांची टोपली घेऊन आवडाबाईच्याच दारात उभी राहिली. "जाऊबाई, फळ माझं असलं तरी हात तुमचाच हवा. देवाला तुमच्या चवीची सवय आहे. गुरवकाकांना सांगूनच आलेय मी."

आवडाबाईला नाही म्हणता येईना. देवळाच्या ओवरीत, साऱ्या बायकांसमोर, तिने पहिले कवठ फोडले. गर काळा, कुजलेला. दुसरे तसेच. दहा फळे अशी गेली. सगुणा रडू लागली. माझ्याच झाडात दोष, देवाला माझे नकोच होते, असे म्हणू लागली. ते मात्र आवडाबाईला ऐकवेना. अकरावे फळ हातात धरून ती म्हणाली, "झाडात दोष नाही, सगुणे. तुझं मला पाहवलं नाही. दाभण मी खुपसलं."

तिने फळ फोडले. देठाशी काळा डाग होता. बाकीचा गर अखंड आणि सुगंधी, असे सांगतात. गूळ, जिरे, मिरची घालून तिने चटणी वाटली, देवाला दाखवली, सर्वांच्या हातावर ठेवली. स्वतः जिभेला लावली नाही. त्याच फळाचे बी सगुणेने देवळामागे पेरले, म्हणे.

आजही शिवरात्रीला शेलवणात आपल्या झाडाच्या कवठाची चटणी कुणी स्वतः करत नाही. फळे शेजारणीकडे पोचवतात. ती शेजारीण फळ फोडण्यापूर्वी, जिचे आपल्याला पाहवले नाही तिचे नाव मोठ्याने घेते. नाव आठवायला वेळ लागला, अशी बाई गुरवांनी अजून पाहिलेली नाही.