पेटत्या आव्यातला विस्तव

निंबळगावच्या वेशीवर, पिंपळाखाली धुनी लावून पिंपळगीर महाराज बसत, त्या काळातली ही गोष्ट. महाराज बोलत थोडं. पण हाक मारणाऱ्याला कधी एकटं सोडत नसत. कसं, ते भाविकहो, ऐका.

गावात गिरजा नावाची कुंभारीण होती. नवरा गेल्यापासून थोरला दीर गंगाराम याच्या घरी ती माती तुडवायची आणि उरलंसुरलं खायची. "तुझ्या हाताला यश न्हाई," हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिलाही ते खरंच वाटू लागलं होतं. रोज सकाळी महाराजांचा रांजण भरताना काय ती तिची मान वर व्हायची. एकदा महाराज म्हणाले, "गिरजे, स्वतःचा आवा लाव." म्हणून तिनं संक्रांतीची सुगडं घडवली आणि ती भाजायला अंगणात आवा रचायचं ठरवलं.

"लाव की," गंगाराम म्हणाला. "पर आवा फसला तर जन्मभर माझ्याकडंच माती तुडवायची. कबूल?"

गिरजेनं मान डोलावली.

सकाळी आवा पेटला. वर राखमातीचं लिंपण बसलं. दुपारी शेजारची शेवंता परटीण ऊर बडवत आली. "गिरजे, लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली गं! पोर गार पडलीया, रडंना. चूल इझली, जळण वलं. जरा इस्तू दे!"

गिरजेनं आव्याकडं पाहिलं. पेटत्या आव्यातला विस्तव कुणाला द्यायचा नाही, हा कुंभारांचा जुना दंडक. शिवाय लिंपण फोडलं की वारा आत शिरतो आणि भांडी तडकतात.

"हात लावू नगंस!" गंगाराम ओसरीवरून ओरडला. "आवा गेलाच म्हणून समज!"

क्षणभर तिला पुढचा सगळा जन्म दिसला. तीच माती, तेच टोमणे. मग तिनं फावड्यानं लिंपण फोडलं, खापरात निखारे भरले आणि धावत सुटली.

"कर्णाचा अवतार गं बाई!" गंगाराम मागून हसला.

लगेच परतून भोक बुजवावं, असं तिच्या मनात होतं. पण शेवंताचे हात लटलट कापत होते. पोर शेकणार कोण? गिरजाच बसली. बाहेर वारा सुटला. दार आपटू लागलं. एक डोळा पोरीकडे, जीव आव्याकडे. 'गेली माझी सुगडं! महाराज, आता तुम्हीच बघा.' दिवेलागणीला पोरीनं टाहो फोडला, तेव्हा गिरजाही ढसाढसा रडली. घरी आली, पण आव्याजवळ जायचा तिला धीर होईना.

सकाळी गंगारामनं सारी आळी गोळा केली. "या रं, खापऱ्या बघाया!"

गिरजा पुढं झाली आणि थबकली. भोक लिंपलेलं होतं. मातीवर पाच बोटं उमटली होती.

गंगारामचा चेहरा पडला. "कसं हुईल? कुणी लिंपू नये म्हणून मी वसरीवरनं हललोच न्हाई!"

आवा उकलला. एकही सुगड तडकलेलं नव्हतं. भोकाजवळचं पहिलं सुगड तिनं टिचकी मारून पाहिलं, ते खणखणीत वाजलं.

"कुणाच्या हातची गं?" बायांनी विचारलं.

"माझ्या हातची!" गिरजा म्हणाली, आणि तिची मान वरच राहिली. त्या संक्रांतीला घरोघरी तिचीच सुगडं पुजली गेली.

पण त्याच सकाळी पहिलं सुगड घेऊन ती पिंपळाखाली गेली. मागोमाग आळी होती. कालपासून महाराज धुनीवरून उठले नाहीत, असं सेवेकरी सांगत होते. महाराजांनी सुगड घ्यायला उजवा हात पुढं केला. काय सांगावं! तळहात भाजून फोडांनी भरला होता, नखांत चिखल वाळला होता.

"महाराज, हे काय वो?"

महाराज म्हणाले, "तू तिथं पोर शेकत होतीस. इथं वारा कुणी अडवायचा?"

गंगाराम पुढं आला. त्यानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, भोक मला दिसत व्हतं. मूठभर चिखल माझ्याच अंगणात व्हता."

"मग मला कशाला सांगतोस?" महाराज म्हणाले.

गंगाराम उठला, आणि धाकट्या भावजयीपुढं त्यानं सगळ्या आळीदेखत मान झुकवली.