रायभानाचा बुरूज

तो पांढरा बुरूज दिसतो ना, तो रायभानाचा. वनखात्यानं डागडुजी करून जपलाय. वर चढा, रोही-काळवीट बघा हवे तेवढे. पण तिथं खिदळू नका बुवा, एवढं म्हाताऱ्याचं ऐका.

आता हे अभयारण्य. पूर्वी ही नदी म्हणजे सरहद होती; अल्याड इंग्रजांचा अंमल, पल्याड मोगलाई. रायभान बुरुजावरचा पहारेकरी. एका साली पल्याड पटकीची साथ आली, माणसं पटापट मरू लागली. अल्याडच्या गावानं नदी ओलांडायचा उतार बंद केला. पल्याडचं माणूस पाण्यात पाय घालू देणार नाही, अशी रायभानानं बेलभंडार उचलून शपथ घेतली, असं सांगतात.

किती जण आले! कुणाच्या लेकी, कुणाचे व्याही, लेकुरवाळ्या बाया. त्यानं ठासणीची बंदूक रोखून सगळ्यांना परतवलं. इकडं त्यांचे आईबाप ऊर बडवत होते म्हणे.

मग आली कौतिका, रायभानाची पाठची बहीण. आईमागं त्यानंच तिला वाढवलेली. नवरा साथीत गेलेला, कडेवर तान्हं पोर. पल्याडच्या काठावरून तिनं हाक मारली, "दादा, मी हाय रे. येऊ का?"

रायभानाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. धावत जावं नि तिला उचलून आणावं, एवढंच त्याच्या मनात. पण लोकांच्या लेकी हाकलल्या आणि आपलीला वाट दिली, तर गावाला तोंड कसं दाखवायचं? त्यानं बंदूक उचलली.

"माघारी जा, बाई."

"माघारी कोण हाय रे माझं?"

ती तिथल्याच एका बाभळीखाली बसून राहिली. आधी पोराचं रडणं थांबलं, मग तिच्या हाका.

आणि दैव बघा मेलं! साथ गावात शिरलीच. पाटलाचे पाहुणे वरच्या अंगानं नदी उतरून आले होते. पाटलाला कोण अडवणार?

पुढं बंदी उठली. गाव बुरुजाखाली जमलं, "रायभाना, उतर आता." तो उतरला नाही. वर ठेवलेली भाकरी तशीच वाळली. बाभळीकडं तोंड करून तिथंच गेला बिचारा.

आजही भाऊबीजेला दोन्ही काठांच्या बाया आधी इथं येतात. ओवाळणीचं ताट वर धरून म्हणतात, "दादा, बंदी उठली, खाली उतर." जरा थांबतात, मग घरी जाऊन आपापल्या भावांना ओवाळतात. एकदा एका नव्या सुनेनं भाबडेपणानं म्हटलं, "दादा, तुला माफ केलं." म्हाताऱ्या बायांनी तिला तिथंच गप्प केलं. ते म्हणायचा हक्क एकट्या कौतिकेचा होता.