झिरमी बुडत नाही

समुद्राच्या त्या राज्यात धूर वरून येई आणि तळाशी जाई. मधलं काम इवल्या हिरव्या जिवांचं होतं. ती ऊन पीत, धूर गिळत, काचेच्या घरात राहत आणि मरण आलं की घरासकट बुडत. पोटातला धूर त्यांच्याबरोबर तळाच्या गाळात गाडला जाई. वरचे लोक निर्धास्तपणे चुली पेटवत. इवल्यांची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

कांचनी त्यांतलीच एक. तिच्या हयातीत वरचं पाणी कोमट झालं आणि कोमटच राहिलं. त्याचा थर झाकणासारखा बसला. खालचं थंड पाणी जी क्षारांची शिदोरी वर आणी, ती झाकणाखालीच अडकली. काचेची भिंत घालायला काही मिळेना. शेजारची घरं रिकामी होत गेली. सुरुवातीला कांचनी हळहळली. मग तेही सुटलं.

एकदा म्हातारी करंदी आली. ही त्यांची पिढीजात वैरीण. तिला पाहून कांचनी आणि तिची धाकटी बहीण झिरमी आकसल्यासुद्धा नाहीत. करंदीने झिरमीला चाचपलं आणि सोडून दिलं.

"तुझ्यात खाण्यासारखं काही उरलंच नाही गं," म्हणाली आणि निघून गेली.

झिरमीने विचारलं, "ताई, मी बुडेन ना?"

"बुडशील की."

झिरमी गेली, पण बुडली नाही. तिची भिंत इतकी पातळ होती की ती नुसती तरंगत राहिली. कांचनीला रडू आलं नाही. तिने बहिणीला कवेत घेतलं, स्वतःचं होतं तेवढं वजन तिला दिलं आणि दोघी खाली निघाल्या. उजेड विरळ होत गेला. पाणी गार लागलं, आणि तिथेच त्या अडकल्या. खालचं पाणी दाट होतं. दोघींचं मिळून वजनही त्याला पुरेना. कांचनीने रेटून पाहिलं. मग रेटणंही थांबवलं.

तिच्या कवेतच झिरमी विरघळू लागली. आतला धूर सुटला. तो गिळायला कांचनीने तोंड उघडलं, पण उजेडावाचून तिला गिळता येईना. धूर तिच्या गालाला घासून वर गेला, झाकणातून पार झाला, पाण्याबाहेर पडला.

वर एका अंगणात कुणीतरी पदराने वारा घेतला. "आज जरा जास्तच उकडतंय, नाही?" म्हणालं, आणि वाकून चूल फुंकली.