धुमसत्या तुळईचे घर

एका राज्यात नवराबायको एका छपराखाली राहत नसत. लग्न लागे, अक्षता पडत, वाजंत्री वाजे. आणि मग नवरी आपल्या बापाच्या घरी परते, नवरा आपल्या. पुढे भेट होई ती फक्त वेशीवर.

असे का? तर त्या राज्याचा राजा रौद्रसेन. त्याला किल्ल्यासाठी एक डोंगर हवा होता. डोंगरावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक आपल्या बायकोसह राहत होता. तो घर सोडीना, म्हणून राजाने घराला आग लावली. मांत्रिक रानात गेला होता, तो वाचला. बायको जळत्या तुळईखाली सापडली. राखेत उभा राहून धूम्रकेश म्हणाला, "राजा, तुझ्या राज्यात नवे जोडपे ज्या घरात संसार मांडायला जाईल, त्याचा उंबरठा जो आधी ओलांडेल तो पाषाण होईल."

आणि तसेच झाले. राजाची थोरली सून माप ओलांडताना दगड झाली. थोरला राजपुत्र तिच्या पायाशी बसला, अन्न सोडले आणि एकविसाव्या दिवशी गेला. मग आणखी काही उंबरठ्यांवरही पाषाण उभे राहिले, तेव्हा लोकांनी धसका घेतला. बारा वर्षे राज्यात नवी चूल पेटली नाही.

धाकट्या राजपुत्राचे नाव जयकेतू. त्याने कुंभाराच्या मुलीशी, शेवंतीशी लग्न केले. लग्नाच्या मांडवातच शेवंती म्हणाली, "स्वामी, वेशीवरच्या भेटीगाठींवर मी जन्म काढणार नाही. आपण घर शोधू."

"आणि दगड झालो तर?"

"वेगवेगळे राहून आपण दगडाहून काय निराळे होणार आहोत?"

दोघे निघाली. रानाच्या तोंडाशी सावरीच्या झाडावर भारद्वाज पक्षी बसला होता. तो माणसाच्या वाणीने बोलला, "पुढे तीन घरे लागतील. एकात शाप तुटतो, दोहोंत माणूस तुटतो. दोघांनी मिळून निवडा. एकानेही मन मारून होकार दिला, तर कोणतेच घर तुमचे नाही."

पहिले घर संगमरवरी होते. अंगणात पांढरे घोडे, भिंतीवर तलवारी. जयकेतू हरखला. म्हणाला, "हेच!"

शेवंतीने खिडकीतून आत पाहिले. "स्वामी, पलंग एकच आहे. पाटही एकच आहे. मी कुठे बसू?"

"पाट काय, दुसरा करता येईल."

"मग मी मन मारून हो म्हणते."

जयकेतू रागावला. पण घोड्यांकडे वळून वळून पाहत तो निघाला. दिवसभर तो दहा पावले पुढेच चालत राहिला.

दुसरे घर मातीचे, सारवलेले. ओसरीवर कुंभाराचे चाक फिरत होते. आतून एकामागून एक तीन हाका आल्या, "शेवंते, आलीस का गं बाळा?" तिच्या आईचा आवाज. आई जाऊन सात वर्षे झाली होती. शेवंती धावली. जयकेतूने तिचा हात धरला.

"सोडा मला! माझी आई आहे."

"शेवंती, तीन हाका आल्या. तिन्ही तुझ्याच. या घराला मी ठाऊकच नाही."

ती खाली बसून खूप रडली. मग उठली आणि मागे न पाहता चालू लागली. मागून हाका येतच होत्या.

तिसरे घर म्हणजे डोंगरावरच्या चार काळ्या भिंती. छप्पर नाही, दार नाही, नुसता अरुंद उंबरठा. आत एक तुळई बारा वर्षे धुमसत होती आणि तिच्याखाली कोणी बाई कण्हत होती. बाहेर धूम्रकेश बसला होता.

"माझे हाड न् हाड तिच्यासाठी झिजले," तो म्हणाला. "एकट्याला ही तुळई उचलवत नाही."

"आग माझ्या बापाने लावली," जयकेतू म्हणाला. "मला दुसऱ्या घरात झोप लागायची नाही."

शेवंती म्हणाली, "मलाही नाही. हेच घर."

पण आत आधी कोण जाणार?

"मी जातो."

"आणि तुमच्या पाषाणाला मी पाणी घालत बसू? दोघे जाऊ."

उंबरठा अरुंद होता. दोघांनी एकमेकांना घट्ट धरले आणि एकाच क्षणी पाऊल टाकले. आधी कोण, ते शापाला कळेना. तो दोघांत वाटला गेला. जयकेतूचा उजवा पाय घोट्यापर्यंत दगड झाला, शेवंतीचा डावा. तिथेच शापाचे बळ सरले.

तशीच पाय ओढीत ती तुळईपाशी गेली. तळहातांची कातडी निखाऱ्याला चिकटली, तरी त्यांनी सोडले नाही. तुळई उचलली गेली. कण्हणे थांबले. धूम्रकेशाने राख ओंजळीत घेतली, नदीत सोडली आणि स्वतःही त्या पाण्यात चालत गेला. पुन्हा कोणाला दिसला नाही.

तसा शाप तुटला आणि राज्यातले पाषाण जागे झाले. थोरली सून उंबरठ्यावर डोळे उघडून म्हणाली, "हे कुठे आहेत?" रौद्रसेनाने तिच्यापुढे मुकुट उतरवून ठेवला. किल्ल्याचा बेत त्याने सोडून दिला आणि राज्य तिच्या हाती दिले. तिने ते न्यायाने केले. हसताना मात्र तिला कोणी पाहिले नाही.

डोंगरावर जयकेतू आणि शेवंतीने छप्पर घातले, भिंती लिंपल्या. त्यांचा एकेक पाय मात्र दगडाचाच राहिला; दोघे लंगडत, एकमेकांच्या खांद्याला धरून चालत. त्या वर्षी खालच्या गावांत नव्या चुली पेटल्या, आणि सकाळी डोंगरावरून पाहिले की घराघरांवर धूर दिसे.