दुसरं गाणं

“चाचा, मशीन कुठलं घेऊ? दोन चॅनेलचं का चार?”

दस्तगीरचाचा एका वायरीचं टोक सोल्डर करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हात किती हायत तुला?”

“दोन.”

“मग?”

तृप्ती हावळला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. ती काही रिकाम्या डोक्याने आली नव्हती. कॉलेजच्या गॅदरिंगला तिने लॅपटॉपवरून तासभर गाण्याला गाणं जोडून वाजवलं होतं आणि पोरंपोरी नाचून नाचून घामाघूम झाली होती. कुठल्या मशीनला किती बटणं, कुठल्या हेडफोनचा आवाज किती खोल, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. तिला डीजे व्हायचं होतं, आणि त्यासाठी जराशी दिशा हवी होती. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती.

दस्तगीरचाचा मुल्ला हे इचलकरंजीतले जुने स्पीकरवाले. तबकड्यांवर सुरुवात केली, मग कॅसेटी आल्या, मग सीडी, आणि सत्तरी गाठल्यावर ते नातीकडून लॅपटॉप शिकले. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन चॅनेलचं एक जुनं मशीन होतं. त्याचं एक बटण तुटलेलं, तिथे टूथपेस्टचं टोपण बसवलेलं.

“यावर शीक,” ते म्हणाले. “बिघडलं तर तुला रडू यायचं न्हाई आणि मलाबी.”

तृप्तीने टोपणाकडे पाहिलं, आणि नाक मुरडायचं कसंबसं टाळलं.

“वाजवायचं कुठं हाय?”

“दादाच्या हळदीला. तीन आठवड्यांनी, रविवारी. आमच्या गल्लीतच.”

“ऐकणार कोण?”

“सगळे.”

“सगळे म्हंजे कोण?”

…

तिच्या मनात एकच नाव होतं. ते तिने सांगितलं नाही.

नाव अण्णांचं होतं. अण्णा म्हणजे तिचे वडील. एकतीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली, आणि त्या खडखडाटात कान कधी गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. गेल्या वर्षी मालकाने जुने माग भंगारात काढले, तेव्हापासून अण्णा घरी होते. हाताला काम नव्हतं, पण बोटांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ती सदा काहीतरी ठोकत असायची, कधी ताटाची कड, कधी खाटेची लाकडी पट्टी. आई वैतागून म्हणायची, थांबवा की जरा ते. जणू अण्णांना ऐकूच येणार होतं.

लेक कॉम्प्युटरचं काहीतरी शिकते आहे, एवढंच अण्णांना ठाऊक होतं. आपण वाजवलेलं एक गाणं, एकच, अण्णांनी ऐकावं असं तृप्तीला फार वाटायचं. त्यावर तिला एकच उपाय दिसत होता. मोठं मशीन आणि त्याहून मोठे स्पीकर.

पहिल्याच दिवशी चाचांनी खांद्यावरचा चौकटीचा रुमाल काढला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला.

पडद्यावर गाण्याच्या ठोक्यांच्या रेषा उमटतात. एका गाण्याच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांखाली नीट आणल्या की ठोका जुळतो. तृप्तीची सगळी विद्या त्या रेषांत होती.

“चाचा, काय दिसत न्हाई.”

“गाणं बघतीस व्हय?”

दुसऱ्या दिवशी, ज्या बटणाने मशीन आपलं आपण ठोका जुळवतं, त्या बटणावर चिकटपट्टी आली. बटण वाईट नाही, चाचांनी समजावलं, पण चालायला आल्यावर माणसाने रिक्षात बसावं.

मग रोजचं शिक्षण सुरू झालं. ती घाबरली की हेडफोन दोन्ही कानांवर गच्च ओढून घ्यायची. चाचा मुकाट्याने येऊन एक बाजू कानामागे सारायचे. एक कान येणाऱ्या गाण्याला, एक चालू गाण्याला. तिने मोठ्या ऐटीत सहा हजार गाणी आणली होती, चाचांनी त्यातली चाळीस ठेवायला लावली. पण चाळीसातलं प्रत्येक ओळखीचं पाहिजे, गाणारा तोंड कधी उघडतो ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. शिवाय तीच चाळीस दुसऱ्या पेनड्राइव्हवरही हवीत, कारण पेनड्राइव्ह नेमका कार्याच्या दिवशी रुसून बसतो.

आवाजाचा दिवा हिरव्यात राहू द्यायचा. तांबडा लागला की आवाज वाढत नाही, फाटतो. बेसचा डबा, म्हणजे खर्जाचा स्पीकर, मशीनच्या टेबलाला कधी टेकवायचा नाही, सगळं थरथरतं. दोन गाण्यांचा खर्ज एकदम वाजला की चाचा डोळे मिटून घ्यायचे.

“एका म्यानात दोन तलवारी?”

मग ते जाणाऱ्या गाण्याचा खर्ज खाली घेऊन दाखवायचे, आणि येणाऱ्याचा सावकाश वर. खर्जाचं बटण नेमकं टूथपेस्टच्या टोपणाचं होतं, त्यामुळे तृप्तीची चिमटी पहिला आठवडाभर घसरत राहिली.

आणि आठ ठोके मोजायचे. आठ मोजल्याशिवाय नवीन गाणं आत घ्यायचं नाही. पाहुणा दारात आला तरी उंबऱ्यावर पाय ठेवायची एक वेळ असते, असं चाचा म्हणायचे.

दहाव्या दिवशी पडद्यावर रुमाल असताना तिचा ठोका जुळला. दोन गाणी अशी एकजीव झाली की कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं ते तिलाच सांगता येईना. चाचांनी “हं” म्हटलं. चाचांचं “हं” म्हणजे इतरांचा हारतुरा, हे एव्हाना तिला कळलं होतं.

त्या खुशीत तिने विचारलं, “चाचा, हळदीला पहिलं गाणं कुठलं लावू?”

“डीजे पहिलं गाणं लावत न्हाई.”

“मग कोण लावतं?”

“डीजे दुसरं लावतो.”

…

तिने पुढच्या वाक्याची वाट पाहिली. चाचा वायर गुंडाळत राहिले. कोपरापासून पंजापर्यंत एक वेढा, मग दुसरा, अगदी निगुतीने. म्हाताऱ्याचं वय झालं, असं तृप्तीने मनाशी म्हटलं, आणि घरी जाऊन पहिलं गाणं स्वतःच निवडलं. चांगलं धडाक्याचं, गॅदरिंगला गाजलेलं.

हळद चार दिवसांवर आली तेव्हा ती कागदावर यादी घेऊन शेडमध्ये आली. चार बेस आणि चार टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे डबे.

चाचांनी यादी वाचली. तिची गल्ली त्यांच्या माहितीतली होती. दोन मोटरसायकली शेजारी उभ्या केल्या की भरते.

“एक बेस, दोन टॉप,” त्यांनी कागद परत दिला.

तृप्तीने वाद घातला. शेजारच्या गल्लीत आठ आठ डबे लागतात म्हणाली. लोक काय म्हणतील, म्हणाली. भाडं मी देईन, दुसरीकडून आणेन, असंही म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज चढला. बोलता बोलता तिची कारणं संपली आणि खरं कारण तेवढं उरलं.

“अण्णांना ऐकू येत न्हाई, चाचा.”

…

“मागावर हुते?”

“एकतीस वर्षं.”

चाचांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. परत घातला.

“आवाजानं गेल्यात कान. आवाजानंच परत आणतीस?”

तृप्तीला रडू फुटलं. एवढी बटणं पाठ, एवढे ठोके जुळवले, आणि ज्या एका माणसासाठी हे चाललं होतं त्याच्यापर्यंत पोचायचं एकही बटण त्या मशीनला नव्हतं. इतके दिवस तिने हे स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. चाचांनी तिला रडू दिलं. पाण्याचा तांब्या तेवढा तिच्यापुढे सरकवला.

ती शांत झाल्यावर ते म्हणाले, “हळदीला मी येतो. अण्णांना मागं बसवू नको. तुझ्या टेबलाजवळ बसव.”

रविवारी सकाळी गल्लीत मांडव उभा राहिला. शेजाऱ्यांचं जुनं लाकडी टेबल आलं, त्यावर टोपणवालं मशीन. टेबलाच्या कडेला खुर्ची, खुर्चीवर अण्णा. अंगात नवा सदरा, आणि गालांना आणि हातांना बायकांनी आधीच हळद फासलेली. चाचांनी बेसचा डबा स्वतः ढकलत आणला आणि टेबलाच्या पायाला अगदी टेकवून ठेवला.

“चाचा, टेकवायचा नसतो म्हटला होता.”

“आज टेकवायचा.”

नवरदेव, म्हणजे तिचा दादा ओंकार, पाटावर बसला. मामी हळदीची वाटी घेऊन उभी राहिली. आत्या, काकू, गल्लीतल्या पोरी, सगळ्यांनी वळून तृप्तीकडे पाहिलं. आता लाव की, असं कुणीतरी म्हणालं.

तिने हेडफोन दोन्ही कानांवर गच्च ओढला आणि पडद्यात तोंड घातलं.

पडद्यावर रुमाल येऊन पडला.

मग हेडफोनची एक बाजू कानामागे गेली. मग चाचांनी तिचा डावा हात धरला, बोटं सरळ केली, आणि तळहात टेबलावर उताणा न ठेवता पालथा, लाकडाला चिकटवून ठेवला.

…

ठक. ठक. ठक. ठक.

लाकडातून काहीतरी येत होतं. तृप्तीने वळून पाहिलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अण्णांची पिवळी बोटं पडली होती आणि आपल्या नादात ठोकत होती. हा आवाज ती जन्मापासून ऐकत आली होती. ताटावर ऐकला होता, खाटेवर ऐकला होता, अभ्यास होत नाही म्हणून त्याच्यावर चिडलीही होती. मोजला मात्र कधीच नव्हता.

तिने मोजला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. परत आठ. परत आठ. ठोका तसूभर हलत नव्हता. माग भंगारात गेले होते, पण अण्णांच्या बोटांनी आपला माग बंद केलाच नव्हता.

तिचं धडाक्याचं गाणं तिने बाजूला सारलं. चाळीसातलं एक साधं, हळदीचंच गाणं घेतलं. एका कानात ते वाजत होतं, जरा घाईने. उजव्या हाताने तिने वेगाची पट्टी ओढली. अजून थोडी. अजून केसभर. मग कानातला ठोका आणि तळहातातला ठोका एकावर एक बसले.

तिने आठ मोजले आणि गाणं आत घेतलं.

खर्जाचा पहिला ठोका टेबलातून गेला, आणि अण्णांची बोटं थांबली.



अण्णांनी वाकून टेबलाखाली बघितलं. मग आपल्या हाताकडे बघितलं. मग तळहात पसरून लाकडावर ठेवला, आणि तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा जपून तिथेच राहू दिला.

“कुणाचा माग चालू झाला?” त्यांनी विचारलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने, त्यामुळे पाटाजवळच्या बायकाही वळल्या.

तृप्तीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मशीनकडे बघितलं, टोपणाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मग त्यांनी हात सरकवत आणला आणि टेबलावरच्या तिच्या हातावर ठेवला. त्यांची बोटं पुन्हा चालू झाली, आता तिच्या बोटांवर.

गल्ली नाचत होती. मामीने वाटी खाली ठेवली आणि ओंकार पाटावरून उठून नाचला म्हणून आत्या रागावली. तृप्तीने ते गाणं आणि त्याच्या पुढची दोन एका हाताने वाजवली. दुसरा हात सोडवून घ्यावा असं तिला वाटलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात रिकामा नव्हता.

दुपारी पंगती बसल्या. अण्णा पहिल्या पंगतीला होते आणि शेजारच्याला मोठ्याने काहीतरी सांगत होते. चाचा वायरी गुंडाळत होते, कोपरापासून पंजापर्यंत. तृप्ती त्यांच्याजवळ आली. तिच्या हातावर अण्णांच्या बोटांची हळद तशीच होती, तिने ती धुतली नव्हती.

“चाचा,” तिने विचारलं, “पहिलं गाणं बरं लावलं का?”

चाचांनी पंगतीत ताटाची कड ठोकणाऱ्या अण्णांकडे एकदा पाहिलं, मग पडद्यावरचा रुमाल उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

“दुसरं बरं लावलंस, पोरी.”