बोटोजीचा केर

एका गावात एक आचारी होता, आणि त्या आचाऱ्याच्या उजव्या हातात आणखी एक गाव होते. बाहेरच्या गावाला आतल्या गावाची काहीच खबर नव्हती. आचाऱ्याला तरी कुठे होती!

आचाऱ्याचे नाव केरोबा. बुंदीचे लाडू करावेत तर केरोबाने, असे सगळे म्हणत. लाडवाची सगळी गंमत पाकात असते. पाक एकतारी झाला की उतरवायचा, जरा पुढे गेला की लाडवाचा दगड होतो. केरोबा उलथन्यावरचा गरम थेंब तर्जनीवर घ्यायचा, अंगठ्याला टेकवून बोट हळूच उचलायचा आणि तार बघायचा. डोळे त्याला तार दाखवत, पण पाक कितपत चढला आहे ते त्याला बोटाच्या चटक्यावरूनच कळे. अंगठ्याला वर्षानुवर्षांचे घट्टे पडले होते. त्याला काही समजत नसे, तो आपला टेकायला असे.

या तर्जनीत बोटोजी राहत असे. बोटोजी म्हणजे एक मज्जापेशी. पेशी असली तरी चांगली लांबलचक. तिचे एक टोक बोटाच्या शेंड्यात आणि दुसरे थेट पाठीच्या कण्यात. शेंड्याला चटका बसला की बोटोजीच्या अंगातून विजेची एक बारीक लहर निघे आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत कण्यात पोचे. त्याची हाक नेहमी एकाच आवाजाची. मोठ्याने ओरडणे किंवा कुजबुजणे त्याला जमतच नसे. नुसती ऊब असेल तर तो सावकाश हाका मारी, चटका असेल तर त्याच हाका पटापट मारी.

कण्यात त्याच्या शेजारी मणकाक्का राहत असे. तीही मज्जापेशीच, पण वयाने आणि अनुभवाने मोठी. दोघांच्या मध्ये एक फट होती. इतकी अरुंद, की एका केसाच्या जाडीत तशा हजारो फटी मावतील. पण बोटोजीची लहर काही ती ओलांडू शकत नसे. म्हणून लहर काठाशी आली की बोटोजी रसाच्या इवल्याइवल्या पुड्या फटीत मोकळ्या करी. तो रस मणकाक्काच्या खिडक्यांवर जाऊन लागे. ती दचके, आणि मग तिची स्वतःची लहर सुरू होई. एकीकडे ती हात हलवणाऱ्या पेशीला सांगे, "ओढ मागे!" दुसरीकडे वर डोक्यातल्या सरकारांकडे निरोप धाडी. सरकारांना कळेपर्यंत हात मागे आलेलासुद्धा असे.

आणि या गावची एक रीत होती. निरोप देऊन झाला की फटीत उरलेला रस ज्याचा त्याने गोळा करायचा आणि पुन्हा पुड्या बांधून ठेवायच्या. बोटोजीचे हे काम इतकी वर्षे बिनबोभाट चालले होते.

एके दिवशी गावच्या देशमुखांनी लाडू खाल्ला आणि मान डोलावून म्हणाले, "केरोबा, सगळं कसब तुमच्या बोटात आहे हो!"

हे कानाकडच्या पेशींनी सरकारांना कळवले आणि तिथून कुणीतरी चहाडखोराने ते खाली बोटोजीला सांगितले. झाले! बोटोजी हवेत तरंगू लागला. देशमुख ज्याचे कौतुक करतात, त्याने केर काढायचा? त्या दिवशी त्याने निरोप दिला, पण उरलेला रस तसाच पडू दिला.

"बोटोजी, आवरायचं राहिलं रे," मणकाक्का म्हणाली.

"अक्का, बातमी मीच आणायची आणि खराटाही मीच मारायचा? देशमुख काय म्हणाले ते ऐकलं नाहीस वाटतं!"

"ते ऐकलं. पण तुझं हे पडलेलं माझ्या खिडक्यांवर आपटत राहतं बाबा. मला वाटतं, तू पुन्हा ओरडलास."

"वाटू दे की! माझी बातमी चार घटका जास्त टिकली तर तुझं काय बिघडलं?"

अक्काचे काही बिघडले नाही, पण केरोबाचे बिघडायला लागले. सकाळी तळणीचा एक साधा चटका बसलेला, आणि केरोबा दुपारी जेवतानाही बोटावर फुंकर मारतोय. त्याने काकडीची फोड उचलली मात्र, "हाय हाय!" करून फेकून दिली. ती जाऊन झोपलेल्या मांजराला लागली.

"अहो, काकडीनं कुणी भाजतं का?" त्याची बायको म्हाळसाबाई म्हणाली.

देवळात तर त्याने कहरच केला. पुजाऱ्याने हातावर तीर्थ घातले आणि ते तर्जनीला लागताच केरोबा असा उडाला की पुजाऱ्याच्या हातातली पळी खाली पडली. "केरोबा, मी काय तीर्थ उकळून आणलंय?" पुजारी चिडून म्हणाला. लोक हसले. केरोबा बिचारा ओशाळून घरी आला.

इकडे फटीत रस साचतच होता. मणकाक्काच्या खिडक्यांवर दिवसरात्र थापा पडत होत्या. शेवटी तिने मज्जापेशी करतात तेच केले. भांडण नाही, तंटा नाही. एकेक करून खिडक्या बंद केल्या आणि स्वस्थ बसली.

मग सगळे शांत झाले. केरोबाला वाटले, बोट बरे झाले. वरून कुणी तक्रार करेना, तेव्हा बोटोजीला वाटले, सरकारांनाही आता आपला वचक बसला. मूर्ख माणसाला शांतता नेहमी मानासारखी वाटते, आणि पेशीही त्याला अपवाद नाही.

अशातच देशमुखांच्या मुलीचे लग्न आले. मांडवामागे चूल पेटली, कढईत पाक चढला. केरोबाने थेंब बोटावर घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला. तरी काही नाही. तार दिसत होती, पण केरोबाचा डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा.

"पाक अजून कोमटच आहे. जाळ वाढवा!" तो म्हणाला.

बोटोजीने आपले काम केले बरे का. तो पहिल्या थेंबापासून बोंबलत होता. होत्या नव्हत्या तेवढ्या पुड्या त्याने फटीत ओतल्या. पण फटीत आधीच कालचा, परवाचा, तेरवाचा रस तुंबलेला. त्यात ही नवी हाक कुठे विरघळली ते कळलेही नाही. अक्काच्या खिडक्या बंदच राहिल्या.

शेवटी वैतागून केरोबाने अख्खे बोटच कढईत घातले.

आता मात्र बोटोजी खरोखर घाबरला. त्याचे स्वतःचेच टोक त्या शेंड्यात होते. "अक्का! अक्का, दार उघड! आज खरंच जळतंय!" पण ऐकणार कोण? केरोबा बोट पाकात ठेवून शांतपणे आभाळाकडे बघत होता.

म्हाळसाबाईचे लक्ष गेले म्हणून बरे. ती किंचाळली, "अहो, बोट! बोट काढा आधी!" आणि नवऱ्याचे मनगट धरून तिनेच हात ओढला. बोट लालबुंद झाले होते. केरोबा त्या बोटाकडे दुसऱ्याचे असावे तसा बघत राहिला.

लाडू झाले, पण कसले! वरबापाने दोन्ही हातांनी लाडू फोडून पाहिला. लाडू होता तसाच राहिला, वरबाप तांबडा झाला. मुलाच्या मामांनी वाढप्याला अडकित्ता मागितला. पंगत उठली तेव्हा अंगणात पोरे लाडवांनी लगोरी फोडत होती. देशमुख रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "केरोबा, पुढच्या मुंजीला आम्ही दुसरं कुणी बघतो. तुम्ही आता आराम करा."

रागावले असते तर बरे झाले असते. केरोबा घरी येऊन ओट्यावर बसला आणि बांधलेल्या बोटाकडे पाहून रडला. "म्हाळसे, बोटच मेलं. आता मी आचारी कसला?"

हेही खाली बोटोजीला कळले. त्याला फार वाईट वाटले. त्याने अक्काला हाक मारली, पण तिच्या खिडक्या बंद. माफी मागायची तरी कशी? माफीसुद्धा फटीतूनच जाणार! मग त्याने एकच गोष्ट केली. कुणी बघत नसताना, कुणी शाबास म्हणणार नसताना तो खाली वाकला आणि फटीतला शिळा रस गोळा करू लागला. बाहेर बोटावर नवी कातडी धरत होती, आत बोटोजी केर काढत होता. फट स्वच्छ झाली. थापा थांबल्या. मणकाक्काने कानोसा घेतला आणि एक खिडकी किलकिली केली. मग दुसरी. मग सगळ्या.

बोट बरे झाल्यावर केरोबाने घरीच वाटीभर साखरेचा पाक ठेवला. भीतभीत त्याने थेंब तर्जनीवर घेतला.

बोटोजीने नेमकी हाक दिली. पुड्या सुटल्या, अक्का दचकली, आणि केरोबाला काही कळायच्या आत त्याचा हात झटक्यात मागे आला.

"आई गं! भाजलं! म्हाळसे, भाजलं!"

म्हाळसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. बघते तर नवरा चुलीपुढे बोट वर धरून नाचतोय.

"भाजलं म्हणून नाचणारा माणूस आज पहिल्यांदाच बघतेय मी," ती म्हणाली.

"अगं, भाजलं म्हणूनच तर! उतरव वाटी, अगदी एकतारी झालाय!" डोळ्यांतले पाणी पुसत केरोबा म्हणाला.

त्या पाकाचे पहिले लाडू देशमुखांकडे गेले. मुंजीचे आवतण त्याच संध्याकाळी आले. देशमुखांनी पुन्हा बोटाचे कौतुक केले, चहाडखोराने ते पुन्हा खाली सांगितले. पण बोटोजीचे लक्ष नव्हते. तो फटीच्या काठाशी वाकून पुड्या बांधत होता.

तात्पर्य: आपले म्हणणे नेमके सांगावे आणि सांगून झाले की आवरून घ्यावे. जो कालची ओरड दारात पडू देतो, त्याची आजची खरी हाक कुणालाच ऐकू जात नाही.