साक्षीची पायरी

एवढा एक शब्द बोलायचा होता, तोही तुमच्याच्यानं बोलवला नाही!

दर्ग्याच्या सातव्या पायरीवर आलं की यासीनचाचा हे मोठ्यानं म्हणतात. कुणाकडे बघून नाही. ते इथले मुजावर. दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती त्यांच्याकडे. बाकीच्या पायऱ्या खडबडीत, ही एकच तळहातांनी घासून गुळगुळीत झालेली. ती दाखवल्याशिवाय चाचा कुणाला वर जाऊ देत नाहीत.

मागच्या किल्ल्यावर किल्लेदार होता तेव्हाची गोष्ट सांगतात. गावात एक मस्तान आला, अल्लाच्या ओढीनं भान हरपलेला फकीर. त्याला ऊन कळत नसे, भूक कळत नसे. कुणी पाया पडायला वाकलं की तो दगड मारी, 'बाबा' म्हटलं की शिव्या देई. शहाबुद्दीन विणकराची मुलगी तापानं जायला टेकली होती. मस्तानानं आपलं उष्टं ताक तिला पाजलं आणि ती उठून बसली म्हणे. मग लांबलांबून माणसं येऊ लागली. तीन वर्षांत गावाचं नाव झालं.

एका हिवाळ्यात मस्तानानं किल्ल्याचं निशाण उतरवलं आणि त्यात गाढवीच्या कुडकुडणाऱ्या पिलाला गुंडाळलं. किल्लेदारानं त्याचं डोकं मागितलं. काझी मात्र भला माणूस. तेव्हा या टेकडीवर त्याची कचेरी भरे आणि साक्षीदार याच दगडावर उभा राही. काझी म्हणाला, "वेड्याला शिक्षा लागू होत नाही. हा वेडा आहे, असं गावातल्या दोघांनी सांगावं. मी सोडतो."

पहिला शहाबुद्दीन चढला. त्यानं कान पकडले.

"तोबा, काझीसाहेब! आमचे बाबा आणि वेडे? ते तर पोहोचलेले आहेत. त्यांच्याएवढा शहाणा या मुलखात नाही."

"अरे, वेडाच आहे मी!" मस्तान ओरडला. "सांग ना त्यांना!"

शहाबुद्दीन लोकांकडे वळून कौतुकानं हसला. "बघा, किती लीन आहेत."

आरोपीचा स्वतःचा शब्द काझीला धरता येत नव्हता. त्यानं तीनदा विचारलं. एकेक जण दगडावर चढला आणि मस्तानाचे गुण गाऊन उतरला. तीन वर्षं आपण एका वेड्यापुढे वाकत होतो, हे चारचौघांत म्हणायची कुणाची तयारी नव्हती. सगळ्यांनी बाबांचा मान राखला. "कुणाचा मान?" एवढं विचारून चाचा थांबतात.

दुपार कलायच्या आत शिक्षा झाली. जाताना मस्तानानं कुणालाच दगड मारला नाही. सगळे अगदी जवळ उभे होते, तरी नाही. आपण काय केलं, ते तेव्हा कुठे गावाला कळलं, असं सांगतात.

आजही उरुसाला संदल, म्हणजे चंदनाचा लेप, चढण्याआधी प्रत्येक जण, हिंदू असो की मुसलमान, या पायरीवर हात टेकतो आणि मोठ्यानं म्हणतो, "हा वेडा आहे, सोडा त्याला." त्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही. वर मस्तानाच्या मजारीजवळ, त्याच्या कबरीपाशी, 'बाबा' हा शब्दही उच्चारायचा नाही. सकाळपासून टेकडीवर तोच एक पुकारा चालू असतो.

पायथ्याशी शेवंताबाई कासारीण बांगड्या मांडून बसलेली असते. वर रांगेकडे बघत ती म्हणते, "हजारानं साक्षी झाल्या की आता. तवा दोनच पायजे हुत्या."